कानाची पाळी: एका अंडरकव्हर नॅनीच्या कादंबरीसोबत आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली ती एका रात्रीत. दुसऱ्यांदा ऑडिओवर ऐकली, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, तुकड्यातुकड्यांनी. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन सावकाश वाचली. वाचल्या वाचल्या लिहायला बसले असते तर ‘खिळवून ठेवते’ म्हणून मोकळी झाले असते. ते खरंच आहे, पण आता मला या पुस्तकाबद्दल जे वाटतं त्यात खिळवून ठेवण्याचा वाटा अगदी थोडा उरलाय.

कथानक असं. तपासयंत्रणेतली एक अधिकारी एका विधुर उद्योजकाच्या घरी नॅनी म्हणून शिरते. त्याच्या कंपनीतून काळा पैसा फिरवला जातोय असा संशय आहे. बायको अपघातात गेलेली, आणि तो अपघातच होता का, याबद्दलही शंका आहे. घरात साडेचार वर्षांची मुलगी. नायिकेनं मुलीला सांभाळायचं, घरातली ये-जा टिपायची, अभ्यासिकेतल्या संगणकापर्यंत पोचायचं. अर्थातच ती त्या माणसाच्या प्रेमात पडते. इथवर या प्रकारातल्या डझनभर कादंबऱ्या सारख्याच असतात.

रहस्य चोख आहे. गुन्हेगार कळल्यावर मागे जाऊन पाहिलं तर तिसऱ्या प्रकरणात त्याच्या तोंडी एक वाक्य आहे, आणि ते ऐकूनही आपण पुढे निघून गेलेलो असतो. लेखिकेनं काही लपवलेलं नाही. शेवटची पन्नासेक पानं मात्र मला तिन्ही वेळा जड गेली. गोळीबार, पाठलाग, बंद गोदाम. हे सगळं दुसऱ्या कुठल्याही थरारकथेतून आणून चिकटवलं असतं तरी चाललं असतं.

एका बाबतीत मात्र मला माझं मत बदलावं लागलं. मधे एक प्रसंग आहे. पावसात गाडी घसरते, मागे मुलगी बसलेली, आणि नायिका ज्या सफाईनं गाडी सावरते त्यावरून मालकाला पहिला संशय येतो. पहिल्या वेळी मला वाटलं, त्याला संशय आला ते बरोबरच आहे, नॅनीला असलं काही कुठून येणार? मग वाचनात आलं की इंग्लंडमध्ये १८९२ साली एमिली वॉर्ड यांनी स्थापन केलेल्या नॉरलँड या संस्थेत, जिथे नॅनींना रीतसर शिक्षण मिळतं, आता स्वसंरक्षण आणि घसरती गाडी आवरणं हेही शिकवतात. म्हणजे नायिकेला बचाव होता. ‘आम्हाला हे शिकवतात’ एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. ती गप्प राहते, आणि ती गप्प राहिली म्हणूनच सापडते. आता तो प्रसंग मला पुस्तकातल्या उत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो.

मी बारा वर्षं पाळणाघर चालवलंय. त्यामुळे या कादंबरीकडे मी प्रेमकथेच्या दारातून गेलेच नाही, मुलीच्या दारातून गेले. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. या पुस्तकानं त्यात मायेची भर घातली. नायिकेकडे खोटी ओळख अगदी पक्की आहे. खोटं नाव आहे, खोटी प्रमाणपत्रं आहेत, आधीच्या मालकिणीचा म्हणून दिलेला फोन नंबर आहे आणि तो तिची सहकारीच उचलते. मोठी माणसं या सगळ्याला फसतात. पण अनोळखी घरात दुपारी तीनला रडून लाल झालेलं मूल समोर असतं तेव्हा कागद उपयोगाचे नसतात. तुम्ही घाईत आहात, तुमचं लक्ष दुसरीकडे आहे, हे मुलाला तुमच्या हातावरून कळतं. सांभाळण्याचं नाटक करता येत नाही, कारण नाटक करायचं म्हटलं तरी भरवावं खरंच लागतं, शी-शू खरीच काढावी लागते, रात्री खरंच जागावं लागतं. महिनाभर हे केल्यावर सोंग कुठे संपतं, हे सोंग घेणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे लेखिकेला नेमकं कळलंय, आणि तिनं ते एका छोट्या गोष्टीत दाखवलंय. मुलीला झोपताना जवळच्या माणसाच्या कानाची पाळी धरायची सवय आहे. ज्यांनी मुलं सांभाळलीत त्यांना ही सवय माहीत असेल. अंगठा आणि बोटाच्या मधे पाळी धरून हळूहळू चोळत राहायचं, चोळणं मंदावलं की समजायचं झोप लागली. नायिकेच्या उजव्या कानात बारीकसं यंत्र असतं, वरिष्ठांशी बोलण्यासाठी. पहिल्या रात्री मुलगी नेमका तोच कान धरते. नायिका तिला उचलून दुसऱ्या बाजूला निजवते. रोज रात्री ही कूस बदलण्याची कसरत. एका रात्री मुलीला ताप असतो, कानात वरिष्ठ सांगत असतो की अभ्यासिका आत्ता रिकामी आहे, हीच वेळ आहे. मुलीचा हात डाव्या पाळीवर, अजून चोळतोय. नायिका उजव्या कानातलं यंत्र काढते आणि उशीखाली सारते. दोन परिच्छेदांत संपतं हे. लेखिका तिच्या मनात डोकावत नाही, एकही विशेषण वापरत नाही. तिसऱ्या वाचनात पेन्सिलीची सगळ्यात लांब रेघ मी या पानावर ओढली.

सकाळी मुलीला ते यंत्र सापडतं. ती म्हणते, तुझ्या कानातला किडा बाहेर आला.

प्रेमकथेबद्दल माझी खरी तक्रार आहे. पहिल्या वेळी मी त्यात वाहून गेले. दुसऱ्या वेळी, कानांनी ऐकताना, मला त्या माणसाची काळजी वाटायला लागली. तो एका अशा बाईवर प्रेम करतोय जी अस्तित्वातच नाही. ब्रिटनमध्ये हे प्रत्यक्षात घडलंय. तिथल्या पोलिसांनी आंदोलकांच्या गटांत खोट्या नावानं माणसं घुसवली होती, आणि त्यातल्या काहींनी तिथल्या बायकांशी वर्षानुवर्षं संसारासारखे संबंध ठेवले. २०१५ मध्ये लंडनच्या पोलीस दलाला अशा सात जणींची जाहीर माफी मागावी लागली, आणि हे संबंध फसवणुकीचे आणि छळाचे होते असं मान्य करावं लागलं. एका पोलिसाला तर अशा नात्यातून मुलगा झाला होता. तो लहान असतानाच बाप नाहीसा झाला, आणि तो बाप खरा कोण होता हे आईला कळलं तेव्हा मुलगा मोठा झालेला होता. हे माहीत झाल्यावर कादंबरीतला नायक दोन पानांत ‘तुझं नाव काहीही असो’ म्हणून क्षमा करतो, ते गळ्याखाली उतरत नाही. बाई खोटं बोलली की ते रोमँटिक आणि पुरुष बोलला की गुन्हा, असं तर नाही ना? त्याला राग यायला हवा होता, भरपूर आणि बरेच दिवस. लेखिकेला तो राग लिहिता आला असता, याची मला खात्री आहे, कारण मुलीचा राग तिनं लिहिलाय.

कारवाई संपते आणि नायिकेला एका दिवसात घर सोडावं लागतं. निरोप घ्यायची परवानगी नसते. पुढचं प्रकरण पूर्ण मुलीचं आहे. नवी सांभाळणारी येते, चांगली आहे, प्रेमळ आहे. रात्री मुलगी तिच्या कानाकडे हात नेते, पाळीला बोट लावते आणि हात मागे घेऊन स्वतःचाच कान धरून झोपते.

मूल आणि सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा सिद्धांत मांडणारे मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी १९०७ चे. त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज घरांतल्या रीतीप्रमाणे आई दिवसाकाठी तासभर भेटायची, बाकी सगळं नॅनी. त्यांची लाडकी नॅनी घर सोडून गेली तेव्हा ते चारेक वर्षांचे होते, आणि असं दुःख जवळजवळ आई गमावण्याइतकंच असू शकतं असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. आपल्या भाषेत त्यासाठी किती सोपा शब्द आहे, लळा. पाळणाघरातून एखादी ताई लग्न होऊन किंवा दुसरं काम मिळून गेली की मुलं आठवडाभर दाराकडे बघत बसायची. आम्ही त्यांना ‘येईल हं’ म्हणायचो. म्हणायला नको होतं. हे प्रकरण वाचताना मला ती दारं आठवली आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

गव्हर्नेसच्या, म्हणजे श्रीमंत घरात राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या, जुन्या इंग्रजी गोष्टींत गुपित घरात असायचं, माळ्यावर किंवा बंद खोलीत, आणि ती बाई निष्पाप मनानं तिथे यायची. इथे गुपित बाईच घेऊन येते, आणि निष्पाप उरतं फक्त मूल. या प्रकारातल्या बहुतेक कादंबऱ्या हे विसरतात. मूल त्यांना नायक-नायिकेला एका खोलीत आणण्यापुरतंच हवं असतं. ही विसरत नाही, म्हणून मधल्या सैल प्रकरणांसकट आणि त्या गोदामासकट मी ती आणखी एकदा वाचेन.

घ्यायची तर छापील घ्या. ऑडिओत वाचणाऱ्या बाईंचा आवाज गोड आहे, पण शेवट त्यांनी बिघडवलाय. शेवटी नायिका परत येते, केस कापलेले, खरं नाव घेऊन. मुलगी तिच्याजवळ जात नाही. खूप वेळानं तिच्या उजव्या कानाकडे बघत विचारते, आता किडा आहे का? ऑडिओत हे हुंदका दाबून वाचलंय. मुलं असं विचारत नाहीत. ज्या प्रश्नावर त्यांचं सगळं अवलंबून असतं तो ती अगदी सपाट आवाजात विचारतात, हातातल्या खेळण्याचं चाक फिरवत. कागदावर तो प्रश्न तसाच आहे, एका ओळीत, आणि त्याखाली अर्धं पान कोरं.