झालर की मण्यांची माळ?

प्लास्टिकचं झाड एकदा घेतलं की पुढची काही वर्षं तेच. दर नाताळात डोकं चालवायचं ते त्याला गुंडाळायचं काय, यावर. जुन्या वळणाची सजावट हवी असेल तर माझ्या मते दोनच पर्याय उरतात : चमकीची झालर किंवा लाल लाकडी मण्यांची माळ. आमच्या 5 फुटी झाडावर दोन्ही नांदून झाल्या आहेत.

परंपरेचं म्हणाल तर झालरीला नावं ठेवता येत नाहीत. जर्मनीत ती खऱ्या चांदीच्या पातळ पट्ट्यांची असायची, झाडावरच्या मेणबत्त्यांचा उजेड तिच्यावर खेळायचा. लाल माळही उपरी नाही. 24 डिसेंबर हा तिकडे आदाम-हव्वेचा दिवस, आणि त्या निमित्ताने एदेन बागेतलं झाड म्हणून सफरचंदं टांगलेलं झाड उभं करत. लाल मणी मला तरी त्याच घराण्यातले वाटतात.

झालर स्वस्त, हलकी, आणि झाडाचा मधला लोखंडी दांडा झाकते. हे शेवटचं माळेला जमत नाही. एकेक फांदी नीट पिंजारून घ्यावी लागते.

पण झालर गळते. पुण्यातल्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत तिचे ते केसासारखे तुकडे स्वेटरला चिकटतात आणि घरभर हिंडतात. सोफ्यावर, उशीवर, इथवर मी गप्प होतो. एका वर्षी शेजारच्या काकूंना फराळाचं ताट दिलं. संध्याकाळी त्या दारात उभ्या, चिमटीत सोनेरी तार. करंजीच्या सारणात निघाली होती. काकू हसल्या, आई हसली नाही. जुलैत पंखा पुसताना आणखी एक सापडली.

पुढच्या वर्षी रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला मणी घेतले आणि घरीच जाड दोऱ्यात ओवले. झालरीपेक्षा बरेच महाग पडले, हे खरं. सोळा मीटर माळ लागली. वजनाने फांद्यांची टोकं वाकतात, म्हणून ती दांड्याच्या जवळून फिरवायची. घरात रांगतं मूल असेल तर मात्र थांबा, दोरा तुटला तर मणी थेट तोंडात जातील.

6 जानेवारीला झाड उतरवलं की माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवतो. लेकीच्या हट्टाखातर हातभर झालर अजून आहे, वर चांदणीपाशी. झाड मात्र आता स्वयंपाकघरापासून लांब, गॅलरीच्या दाराशी.