लॅपटॉपची स्क्रीन गेली: कंपनीकडं द्यायचा की गावातच बदलून घ्यायची?

‘स्क्रीनवर उभी रेघ आलीय’ एवढ्यावरून कुणी खर्चाचा आकडा सांगितला तर तो मनावर घेऊ नका. बिघाड नेमका कुठं आहे, हे आधी घरी बघता येतं. एचडीएमआय केबलनं लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर मदरबोर्ड बहुतेक ठीक, दोष पॅनेलमध्ये (म्हणजे खुद्द पडद्यात) किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये. टीव्हीवरही त्याच रेघा दिसल्या तर दुखणं बोर्डाचं आहे आणि नुसती स्क्रीन बदलून काही होणार नाही. झाकण मागंपुढं करताना रेघ येत-जात असेल तर आधी केबलवर संशय घ्या, कारण ती पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्तात बदलते. स्क्रीन काळी आहे, पण मोबाईलचा टॉर्च तिरका मारल्यावर चिन्हं पुसट दिसतात? मग बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेलाय.

यानंतरचा प्रश्न वॉरंटीचा. ती चालू असेल तर गावातल्या दुकानात लॅपटॉप उघडायलाही देऊ नका. एकदा दुसऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हर लागला की ‘आधी कुणीतरी उघडलाय’ म्हणायला कंपनी मोकळी. सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर मुदत बघा. ती अपेक्षेपेक्षा आधी संपलेली दिसली तरी लगेच हाय खाऊ नका. कधीकधी तारीख माल डीलरकडं रवाना झाल्यापासून धरलेली असते, जीएसटी बिल पाठवलं की दुरुस्त करून मिळते.

आता सांगलीकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: वॉरंटी ऑनसाइट आहे की कॅरी-इन, म्हणजे लॅपटॉप आपणच सेंटरवर न्यायचा. पुण्यात बसलेल्याला हा फरक किरकोळ वाटतो, दुचाकी काढली की तो सेंटरवर पोचतो. इथं मात्र ज्या कंपनीचं अधिकृत सेंटर गावात नाही, तिच्यासाठी कोल्हापूर गाठायचं, म्हणजे एका बाजूचे पन्नासेक किलोमीटर, तेही दोनदा: एकदा द्यायला, एकदा आणायला. जत-आटपाडीच्या माणसाचा तर प्रत्येक वेळी अख्खा दिवस जातो. ऑनसाइट असेल तर तंत्रज्ञ पार्ट घेऊन घरी येतो आणि तुमच्यासमोर बेझल (पडद्याभोवतीची चौकट) काढून पॅनेल बसवतो. म्हणून नवा लॅपटॉप घेताना हजार-दोन हजार जास्त पडले तरी मी ऑनसाइटच घ्यायला सांगेन, फक्त तुमच्या पिनकोडला ती सेवा मिळते का हे आधी विचारून.

पण वॉरंटी म्हणजे अभयदान नव्हे. ती बनावटीतल्या दोषाची असते, फुटण्याची नाही. काउंटरवरचा माणूस लॅपटॉप हातात घेतल्यावर रेघ बघतच नाही. तो चारही कोपरे चाचपतो, झाकणाच्या पाठीवर बोट फिरवतो, मग टॉर्च मारून काचेत एखादा ठिपका शोधतो, जिथून तडे फाकलेत. तो सापडला की ‘सीआयडी आहे सर’ म्हणतो. पोलिसांशी याचा संबंध नाही. ग्राहकाकडून झालेलं नुकसान, एवढाच अर्थ. की-बोर्डवर पेन राहिलं आणि झाकण मिटलं, ही त्यातली नेहमीची केस. अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तरच ते कंपनीच्या खर्चानं होतं. २०१९च्या पुरासारख्या पाण्यात भिजलेला लॅपटॉपही साध्या वॉरंटीत बसत नाही. आणि एखाददुसरा मेलेला पिक्सेल? त्यासाठी पॅनेल सहसा बदलून मिळत नाही, किती झाल्यावर बदलायचं हे प्रत्येक कंपनीनं ठरवलेलं असतं.

लॅपटॉप देताना सुटे स्क्रू, ओरखडे यांचे फोटो काढा, डेटा दुसरीकडं घ्या आणि जॉबशीटवर (सेंटरच्या नोंदीच्या कागदावर) तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका.

वॉरंटी संपली असेल तर माझं मत सरळ आहे: साधी १५.६ इंची फुल एचडी स्क्रीन असेल तर गावातलं चांगलं दुकान. साधारण चार ते सहा हजारांत काम होतं, पॅनेल दुकानात असेल तर त्याच दिवशी. कंपनीचं कोटेशन बऱ्याचदा याच्या दुप्पट येतं. मात्र घासाघीस पैशाऐवजी पॅनेलवर करा. जुन्याच्या पाठीवर मॉडेल नंबर असतो, ‘एनव्ही१५६एफएचएम’ असा काहीतरी. त्याचा फोटो घ्या. कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, पॅनेल आयपीएस प्रकारचं की टीएन, नवं की दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेलं, हे विचारा. टीएन पॅनेल स्वस्त पडतं, पण बाजूनं बघितलं की रंग उडतात, आणि हे घरी गेल्यावर कळतं. बसवून झाल्यावर दुकानातच पांढरं पान उघडा, मग काळं, आणि कडेनं उजेड झिरपतोय का बघा. बिलावर पॅनेलची गॅरंटी महिन्यांत लिहून घ्या. टच, ओलेड किंवा गेमिंगची जास्त हर्ट्‌झची स्क्रीन असेल तर मात्र कंपनीच बरी. तिथं चुकीचं पॅनेल गळ्यात पडलं तर महागात जातं.

गणपती पेठेतल्या हिशेबनिसाचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल, तर पॅनेल बदलूच नये. जवळपास तेवढ्याच पैशात मोठा मॉनिटर येतो, आणि पुढचा लॅपटॉप आला तरी तो वाया जात नाही. वालचंद कॉलेजच्या होस्टेलमधल्या पोराला हा सल्ला कामाचा नाही.

वॉरंटीत असूनही कंपनी टोलवत राहिली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळं लॅपटॉप ऑनलाइन मागवला असला तरी मुंबई-बंगळुरूला जायचं कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. बिल, जॉबशीट आणि कंपनीचे ईमेल तेवढे तारखेवार लावून ठेवा.