दोरीवालं वेग मोजायचं यंत्र : आठ महिने वापरल्यावर

पहिल्या दिवशी जिममध्ये वजनाच्या बारला दोरी अडकवली तेव्हा शेजारच्या रॅकवरून आवाज आला, "काका, मासे पकडताय का?" दिसतं तसंच ते. मुठीएवढी डबी जमिनीवर ठेवायची, आतली दोरी वेल्क्रोने बारला बांधायची. बार वर गेला की त्या रेपचा (म्हणजे एकदा वजन उचलण्याचा) सरासरी वेग मोबाइलवर येतो, मीटर प्रति सेकंदात.

माझा व्यायामाचा तक्ता, एकदाच निघेल अशा सर्वात जड वजनाच्या टक्क्यांवर चालायचा. आज १३० किलोच्या ८० टक्के, म्हणजे १०४. पण ते १३० मी सुट्टीत, भरपूर झोपून उचलले होते. क्वार्टर एंडला (तिमाहीअखेरच्या कामात) रात्री एकला घरी आलेल्या माणसाचे १३० कुठून असणार? आता वॉर्मअपला ९० किलोचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) मारतो. चांगल्या दिवशी ०.६२ येतो. एका मंगळवारी ०.५४ आला. अंगाला काही जाणवत नव्हतं, उलट जोशात होतो. तरी ९७ वरच थांबलो, आणि तेही जड गेले.

वजन वाढेल तसा वेग जवळपास सरळ रेषेत उतरतो, एवढंच यामागचं गणित. गोन्झालेझ-बदिल्यो आणि सांचेझ-मेदिना या संशोधकांनी २०१० साली बेंच प्रेससाठी (बाकावर झोपून बार वर ढकलणं) दिलेले आकडे साधारण असे: ८० टक्क्यांना ०.४७, ९० ला ०.३२, जेमतेम एकदाच निघेल त्या वजनाला ०.१८ च्या आसपास. पण ते स्मिथ मशीनवरचे, जिथे बार रुळांवरच वर-खाली सरकतो. स्क्वॉट ०.३० लाच अडतो. त्यामुळे दुसऱ्याचा तक्ता उचलू नका. मला स्वतःची रेषा बसवायला दोन महिने लागले.

खरा फायदा सेट (सलग रेपची फेरी) कुठे सोडायचा यात झाला. पहिली रेप ०.६० ची असेल तर ०.४८ ला बार रॅकवर, म्हणजे २० टक्के घट. कधी सहा होतात, कधी चारच. गुडघे सकाळी कुरकुरायचे ते थांबलं. मात्र मांड्या भरायच्या असतील तर एवढ्या लवकर सोडू नका: पारेखा-ब्लांको यांच्या २०१७ च्या अभ्यासात २० टक्क्यांवर थांबणाऱ्यांची ताकद ४० टक्केवाल्यांइतकीच वाढली, उडी जास्त सुधारली, पण मांडीचा स्नायू ४० टक्केवाल्यांचाच जास्त वाढला.

तक्रारी आहेतच. प्रत्येक रेप जीव तोडून वर ढकलली नाही तर आकडा फुकट; गप्पा मारत केलेला वॉर्मअप हमखास 'थकलेला' दाखवतो. दोरी तिरकी राहिली की वेग चुकतो. पहिले तीन आठवडे बेंचला डबी डोक्याकडे सरकवून ठेवत होतो, तो सगळा हिशोब पुसून टाकला. डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलताना) बार आपटून उसळला की यंत्र तीही रेप मोजतं, म्हणून तिथे बांधतच नाही.

मासेवाला आता बेंचच्या दिवशी यंत्र मागून नेतो. परवा दोरीचा वेल्क्रो तुटला, तो त्यानेच शिवून आणला.