यार्देनित: झगा भाड्याने, घाट फुकट

इस्रायलमध्ये यार्देन (जॉर्डन) नदी गालील समुद्रातून बाहेर पडते तिथेच बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती स्नानसंस्काराचा, हा घाट आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, पांढऱ्या झग्याला आहेत. पायऱ्यांना कठडे असल्याने आई गुडघेदुखी असूनही आरामात उतरली. मासे पायाला टोचे मारतात, किंचाळू नका!

आम्ही वसईचे कॅथलिक. स्नानसंस्कार तान्हेपणीच झालेला, आणि तो आयुष्यात एकदाच. म्हणून फादरांनी फक्त बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणवून घेतली. शेजारच्या गटातली मोठी माणसं विश्वास कबूल करून, पाण्यात अख्खी बुडी मारून बाप्तिस्मा घेत होती. "बाप्तिस्म्याशिवाय तारण नाहीच का?" आईने विचारलं. फादर म्हणाले, "येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला कुठे पाणी मिळालं? तरी येशूने त्याला स्वर्गाचं वचन दिलंच."

येशूच्या बाप्तिस्म्याची जागा मात्र परंपरेने खाली यरीहोजवळ मानतात. वेळ असेल तर तिथेही जा.