भारतातला अनलॉक्ड फोन अमेरिकेत: टी-मोबाइल, एटी अँड टी की व्हेरायझन?

दरवर्षी जुलै संपत आला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो. "मुलगा ऑगस्टमध्ये येतोय. फोन इथूनच घेऊन दिलाय, अनलॉक्ड आहे. सिम कुठलं घ्यायला सांगू?" एप्रिल-मेमध्ये हाच प्रश्न सहा महिने राहायला येणाऱ्या आई-बाबांबद्दल असतो. मी न्यू जर्सीत राहते आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या एका खणात सिमच्या पिना आणि रिकामी सिमकार्डं साठलेली आहेत, म्हणून हे माझ्याकडे येत असावं. मी उलट विचारते, "फोनचा मॉडेल नंबर काय?" समोरून उत्तर येतं, "अहो, सॅमसंगचा आहे."

तर आधी 'अनलॉक्ड' या शब्दाबद्दल. भारतात विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक फोन अनलॉक्डच असतो, त्यामुळे तो शब्द आपल्याला नवीन काही सांगत नाही. अमेरिकेत कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन त्या कंपनीला बांधलेला असतो, म्हणून तिथे त्या शब्दाला किंमत आहे. अनलॉक्डचा अर्थ इतकाच की फोन कुठलंही सिम नाकारणार नाही. नेटवर्कने फोनला नाकारलं तर त्याला हा शब्द काही करू शकत नाही. आणि नाकारण्याची कारणं दोन: एकतर फोनला त्या नेटवर्कच्या लहरी ऐकूच येत नाहीत, किंवा ऐकू येतात पण फोनचं नाव त्यांच्या यादीत नाही.

लहरींचं आधी बघू, कारण तिथे युक्त्या चालत नाहीत. भारतात ४जी मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१ या बँडवर, म्हणजे लहरींच्या ठरावीक पट्ट्यांवर, चालतं. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांचा कणा म्हणजे २, ४, १२, १३, ६६ आणि ७१, जोडीला ५ आणि ४१. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की सामाईक उरतो तो मुख्यतः बँड ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, आणि थोडाफार ४१. महागड्या फोनमध्ये जगभरचे बँड भरलेले असतात. पंधरा हजारांच्या फोनमध्ये कंपनी पैसे वाचवते आणि फक्त भारतातले बँड ठेवते. त्यात तिचं काही चुकत नाही, तो फोन नागपूर-नांदेडसाठीच बनवलेला असतो.

| | ४जीचे मुख्य बँड | ५जीचे बँड ('एन' लावलेले) | भारतीय फोनशी वागणूक |
|---|---|---|---|
| टी-मोबाइल | २, ४/६६, १२, ७१ | एन४१, एन७१ | सर्वांत सैल |
| एटी अँड टी | २, ४/६६, ५, १२/१७, १४, ३० | एन५, एन७७ | यादीत असाल तरच |
| व्हेरायझन | २, ४/६६, ५, १३ | एन५, एन७७ | आयएमईआय (फोनचा १५ आकडी ओळख नंबर) पास झाला तरच |

यादीची भानगड २०२२ मध्ये वाढली. एटी अँड टीने त्या वर्षी २२ फेब्रुवारीला ३जी बंद केलं, टी-मोबाइलने जुलैमध्ये, व्हेरायझनने ३१ डिसेंबरला. तोपर्यंत कसंही करून कॉल तरी लागायचा. आता कॉलसुद्धा ४जीवरूनच जातो, म्हणजे व्होल्टे लागतं. जिओ २०१६ पासून हेच करते, म्हणून आपल्याला वाटतं की आपल्या फोनला व्होल्टे येतं. येतं, पण जिओचं. प्रत्येक कंपनीच्या व्होल्टेसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी मांडणी असावी लागते, आणि पुण्यात विकलेल्या फोनमध्ये अमेरिकेतल्या कंपनीची असेलच असं नाही.

एटी अँड टी

ही कंपनी चालणाऱ्या फोनची यादीच ठेवते. यादीत नसलेल्या फोनमध्ये सिम घातलं तर बँड जुळत असूनही सेवा मिळत नाही किंवा थोड्या दिवसांनी बंद होते. त्यांच्याच छत्राखालच्या क्रिकेट नावाच्या कंपनीलाही हाच नियम. सॅमसंगच्या अमेरिकन मॉडेलच्या शेवटी 'यू' किंवा 'यू१' असतं, भारतातल्याच्या शेवटी बहुधा 'बी' किंवा 'ई'. नाव तेच, रंग तोच, शेवटचं अक्षर वेगळं, आणि यादी बघते ती हे अक्षर.

इथे एक फसगत नेहमी होते. मुलगा विमानातून उतरतो, भारतीय सिमचं रोमिंग चालू करतो, वर एटी अँड टीचं नाव दिसतं, नेट चालतं. घरी फोन जातो, "चालतोय हो माझा!" पण रोमिंगचा पाहुणा आणि घरचा ग्राहक यांना वेगळे नियम आहेत. पाहुण्याचा फोन त्या यादीशी ताडून बघितला जात नाही. त्यामुळे रोमिंगवर चाललं ही एटी अँड टीसाठी चाचणीच नव्हे.

व्हेरायझन

व्हेरायझनचा वारसा सीडीएमएचा. आपल्याकडच्या जुन्या रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमसारखा, फोन आणि कंपनी एकमेकांना चिकटलेले. २००८ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा जो तुकडा त्यांनी घेतला, जो आज बँड १३ म्हणून त्यांचा मुख्य आधार आहे, त्याला सरकारने अट घातली होती की तांत्रिक निकषात बसणारं कुठलंही उपकरण त्यावर चालू द्यायचं. कागदावर दार उघडं आहे, पण दारात आयएमईआय तपासणारा उभा आहे. त्यांच्या पानावर १५ आकडी नंबर टाकला आणि नकार आला, तर दुकानातला मुलगा काही करू शकत नाही, त्याच्याशी वाद घालू नका. दुसऱ्या फोनमध्ये सिम सुरू करून मग आपल्या फोनमध्ये टाकायचं, ही युक्ती लोक सांगतात. कधी नेट चालतं आणि कॉल लागत नाही. ज्या फोनवरून ९११, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, लागेल की नाही याची खात्री नाही, तो मी कुणाला वापरायला सांगणार नाही.

गावाकडे, डोंगरात, हायवेच्या लांब पट्ट्यांवर व्हेरायझनची रेंज चांगली म्हणून नाव आहे, आणि ते उगीच नाही. कॉलेज एखाद्या छोट्या गावात असेल आणि हातात आयफोन असेल, तर मी आधी इकडेच बघेन.

टी-मोबाइल

भारतातून आलेल्या फोनसाठी मी दहापैकी आठ जणांना हेच सांगते. टी-मोबाइल मुळात जीएसएमवाली, म्हणजे सिम बदललं की झालं अशा पद्धतीची. फोन ओळखीचा नसला तरी ती सहसा अडवत नाही, चालला तर चालू देते. स्प्रिंट २०२० मध्ये त्यांच्यात विलीन झाल्यावर २.५ गिगाहर्ट्झचा मोठा साठा हाती आला, म्हणून शहरात त्यांचं ५जी जोरात असतं, आणि तो एन४१ बँड भारतातल्या बऱ्याच ५जी फोनमध्ये असतो.

गोम आहे ती बँड ७१ मध्ये. हा ६०० मेगाहर्ट्झचा, पूर्वी टीव्हीच्या प्रसारणाचा. भिंतींतून आत शिरतो आणि लांब जातो. तळघरातली वॉशिंग मशीन, जुन्या दगडी इमारतीतला वर्ग, गावाबाहेरचा रस्ता, इथे टी-मोबाइलला तोच तारतो. भारतीय फोनमध्ये तो नसला की रस्त्यावर चार काड्या आणि घरात एक. मी स्वतः ही चूक केली आहे: स्वस्त पडतं म्हणून एका पाहुण्यासाठी तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले आणि बँड नंतर बघितले. त्यांनी तीन महिने बाल्कनीत उभं राहून फोन केले. न्यू जर्सीच्या जानेवारीत.

मग कोणत्या फोनला काय?

आयफोन असेल तर तिन्हीकडे चालतो. मग विचार फोनचा नाही, जागेचा करायचा: वसतिगृहात किंवा मुलीच्या घरी कुणाची रेंज आहे, हे तिथे राहणाऱ्याला विचारा, नकाशाला नको. भारतातल्या आयफोनमध्ये अमेरिकेतलं अतिवेगवान मिलिमीटर-वेव्ह ५जी नसतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते स्टेडियममध्ये आणि विमानतळांवर कामाचं.

सॅमसंगची एस मालिका असेल तर टी-मोबाइल, आणि फार विचार नको. पिक्सेलचंही बहुधा जमतं, पण आयएमईआय टाकून खात्री करा. शाओमी, रियलमी, व्हिवो या कंपन्या अमेरिकेत फोन विकतच नाहीत, त्यामुळे कुणाच्या यादीत त्यांचं नाव असण्याचा प्रश्न येत नाही. असा फोन वायफायवर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेच्या ओटीपीसाठी, आणि तिथे एक साधा फोन घ्या. नवीन फोन भारतातून घ्यायचाच असेल तर खोक्यावर २, ४, १२, ६६ आणि ७१ हे आकडे शोधा. पाचपैकी चार सापडले तरी चालेल, ७१ मात्र सोडू नका.

पोस्टपेडच्या फंदात पडू नका. त्याला सहसा सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) आणि उधारीचा इतिहास लागतो, जो नवीन माणसाकडे नसतो. प्रीपेडला हे काही लागत नाही. आणि मोठ्या कंपनीपेक्षा तिच्या टॉवरवर चालणारी छोटी कंपनी स्वस्त पडते: टी-मोबाइलच्या टॉवरवर मिंट आणि टेलो, व्हेरायझनच्या टॉवरवर व्हिजिबल. यूएस मोबाइलकडे तिन्ही नेटवर्क मिळतात. टॉवर तोच असल्यामुळे फोनचे नियमही साधारण तेच राहतात. गर्दीच्या वेळी मात्र छोट्यांच्या ग्राहकांचं नेट आधी मंदावतं.

सिम घातल्यानंतर

निघण्याआधी *#०६# दाबा आणि आयएमईआय लिहून घ्या. दोन सिमच्या फोनला दोन नंबर दिसतील. तपासायचा तो ज्या खाचेत अमेरिकेचं सिम जाणार त्याचा. ई-सिम घेणार असाल तर ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळख नंबर, तोही तिथेच दिसतो. भारतीय सिम काढून खणात ठेवू नका. दुसऱ्या खाचेत ठेवा, डेटा बंद आणि रोमिंग चालू, म्हणजे बँकेचे ओटीपी येत राहतील. रिचार्ज मात्र संपू देऊ नका.

पहिल्या आठवड्यात एका महिन्यापेक्षा जास्त पैसे भरू नका. तेवढ्यात हे करून बघा. कॉल लावा आणि बोलता बोलता वरच्या पट्टीकडे बघा. ४जी किंवा ५जी तिथेच टिकून राहिलं तर व्होल्टे चालू आहे. ते गायब झालं किंवा कॉल लगेच तुटला, तर नेट कितीही पळत असो, हे सिम या फोनसाठी नाही. मग दुसऱ्याला तुम्हाला फोन करायला सांगा. जाणारा कॉल लागतो आणि येणारा वाजतच नाही, असं होतं. फोटोसह साधा मेसेज पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे. अमेरिकेत घरमालकापासून दवाखान्यापर्यंत सगळे मेसेजवरच बोलतात. फोटो जात नसेल तर बहुतेक एपीएनची, म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी, मांडणी चुकलेली असते, ती कंपनीच्या पानावरून जशीच्या तशी भरा. अमेरिकन बँकेचा पाच-सहा आकडी नंबरावरून येणारा कोड येतो का तेही बघा. ९११ मात्र चाचणी म्हणून लावू नका, तिकडून खरोखर पोलीस येतात.

कुठल्या बँडवर आहात हे बघायचं असेल तर आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबा, सॅमसंगमध्ये *#००११#. घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत उभं राहून बघा. तिथे ७१, १२ किंवा १३ दिसला तर निश्चिंत व्हा. २ किंवा ६६ वर एक काडी लटकत असेल तर वायफाय कॉलिंगचा पर्याय शोधा. भारतीय मॉडेलमध्ये कधीकधी तो दिसतच नाही.

आई-बाबांच्या फोनवर मी हे सगळं करते आणि शेवटी त्यांना एकटं खाली चालायला पाठवते, फोन खिशात घालून. मग स्वयंपाकघरातून फोन लावते. बाबांनी उचलला की मगच उरलेल्या पाच महिन्यांचे पैसे भरते.