ताऱ्यांच्या रेषा की टाइमलॅप्स? कोल्हापूरच्या आकाशापुरता विचार

हाताशी एकच कॅमेरा आणि एकच मोकळी रात्र असेल, तर टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने टिपलेल्या फ्रेमची, म्हणजे छायाचित्रांची, वेगवान चित्रफीत) करायचा की ताऱ्यांच्या रेषांचे चित्र (अशाच फ्रेम एकावर एक रचून ताऱ्यांची वाट दाखवणारे), हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे. कारण जायचे कोठे आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, हे त्यावरच अवलंबून असते.

टाइमलॅप्समध्ये बहुतेकांना आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग वर येताना हवा असतो. मार्च ते मे हा त्याचा काळ, पण तो उगवतो आग्नेयेला आणि पन्हाळ्यावरून कोल्हापूर शहरही नेमके आग्नेयेलाच येते, त्यामुळे दिव्यांचा पिवळट उजेड चित्राच्या ऐन गाभ्यात पसरतो. दाजीपूरच्या बाजूने शहर ईशान्येला, म्हणजे डाव्या हाताला राहते. अर्थात, अभयारण्यात रात्री मनाला येईल तेथे ट्रायपॉड लावता येत नाही.

तारे ध्रुवताऱ्याभोवती फिरताना दिसतात, म्हणून रेषांसाठी तोंड उत्तरेला करायचे असल्याने पन्हाळ्याजवळचे मसाई पठार पुरते. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो, म्हणून बाहेरची वर्तुळे जमिनीत बुडालेलीच दिसतात. मला ती तशीच आवडतात.

वेळेचा हिशेब दोन्हीकडे सारखाच कडक आहे. १८ मिमी भिंग आणि क्रॉप सेन्सर (लहान आकाराचा सेन्सर) असेल, तर एका फ्रेमसाठी शटर १८ सेकंदांच्या आसपास उघडे ठेवले तरी तारे ठिपक्यासारखे राहतात. दर २० सेकंदांना एक फ्रेम घेतली, तर सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने १० सेकंदांच्या चित्रफितीसाठी २५० फ्रेम, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तारे जवळपास २१ अंश सरकतात. रेषांसाठी मात्र एक फ्रेम संपून दुसरी सुरू होईपर्यंतचे अंतर एका सेकंदावर आणावे, अन्यथा रेषा तुटक दिसते.

डिसेंबरात पठारावर माझ्या भिंगावर तासाभरातच दव साचले. रेषांचे चित्र पहिल्या १८० फ्रेमवर निभावले, टाइमलॅप्स मात्र ७ सेकंदांतच धुक्यात विरला.

ढगांचे गणित उलटे आहे. ढग रेषा तोडतात, टाइमलॅप्सला शोभा आणतात. वळवाच्या विजेसाठी मात्र मी फ्रेम एकावर एक रचण्याचीच पद्धत निवडेन, कारण चित्रफितीत एक कडकडाट सेकंदाचा पंचविसावा भागच टिकतो, तर रचलेल्या चित्रात संध्याकाळभराच्या साऱ्या विजा एकत्र उभ्या राहतात.

तरीही मन ठरत नसेल, तर एका सेकंदाचे अंतर ठेवून उत्तरेकडेच कॅमेरा लावावा. त्याच फ्रेममधून रेषांचे चित्र आणि हळूहळू लांबत जाणाऱ्या रेषांचे ॲनिमेशन, दोन्ही निघते.