पंखा नसलेला लॅपटॉप : मॅकबुक एअर (एम-१)

अ‍ॅपलचा एम-१ प्रोसेसरवर चालणारा मॅकबुक एअर नोव्हेंबर २०२० मध्ये आला. आता तो जुना झाला असला, तरी वापरलेला लॅपटॉप शोधणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव अजून असते. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या एअरमध्ये इंटेलचा सुमारे १० वॅटचा प्रोसेसर आणि एक पंखा होता. नव्या एअरचे बाह्य रूप जवळपास तेच राहिले, पण पंखा गेला आणि उष्णता पसरवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी तेवढी उरली.

हे शक्य झाले, कारण एम-१ची मुळे मोबाइलमध्ये आहेत. त्याचे ४ वेगवान आणि ४ काटकसरी कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आयफोन १२च्या ए-१४ प्रोसेसरमधील कोअरच्याच आराखड्याचे आहेत. त्या फोनमध्ये वेगवान कोअर दोनच आहेत. खिशात मावणाऱ्या यंत्रात पंख्याला जागा नसते आणि बॅटरीही लहान असते, त्यामुळे तेथे दर वॅटमागे किती काम होते यालाच महत्त्व येते. टेबलावरच्या संगणकाला हे बंधन नाही. त्याच वर्षीचा इंटेलचा कोअर आय-९ १०९००के १२५ वॅटचा आहे, आणि मोठा पंखा व भिंतीतून अखंड मिळणारी वीज असेल तर त्यात वावगे काहीच नाही.

लेखन, ब्राउझर, पीडीएफ अशा कामांत या एअरचे अंग गार राहते. फोर-केमधील लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावला, की मात्र कळांच्या वरची, पडद्याच्या बिजागरीलगतची पट्टी तापते आणि काही मिनिटांनी प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. आवाज मुळीच होत नसल्याने हे लक्षातही येत नाही. उरलेला वेळ दाखवणारा आकडा तेवढा रेंगाळू लागतो. हाच एम-१ मॅक मिनी या टेबलावरच्या छोट्या संगणकात पंख्यासह बसवलेला आहे, आणि तेथे तो असा दमत नाही. शिवाय अ‍ॅपलने वापरासाठी सांगितलेले तापमान १० ते ३५ अंश आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे, कूलर नसलेल्या खोलीत, ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते.

रॅम ८ किंवा १६ जीबी, आणि ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असल्याने नंतर वाढवता येत नाही. या जवळिकीमुळे वीज वाचते, हे खरे, पण १.५ टीबीपर्यंत रॅम घेणारा इंटेल झिऑन प्रोसेसरचा मॅक प्रो हा मोठा संगणक अ‍ॅपलने २०२३ पर्यंत विक्रीत ठेवला, यावरून या रचनेची दुसरी बाजू कळते. बाहेरचा पडदा अधिकृतपणे एकच जोडता येतो, तर इंटेलच्या एअरला दोन जोडता येत असत. ही पीछेहाटच म्हणावी लागेल. मॅकवर विंडोज चालवण्याची बूट कॅम्प ही सोयही गेली, त्यामुळे टॅलीसारखी विंडोजवरची सॉफ्टवेअर ज्यांच्या रोजच्या कामाची आहेत, त्यांनी याच्या वाटेला न गेलेले बरे.

लेखक, विद्यार्थी, शिक्षक यांनी १६ जीबीचा एअर मिळाल्यास जरूर घ्यावा, मात्र बॅटरीची स्थिती सेटिंगमध्ये पाहूनच. ज्यांचा दिवस व्हिडिओ संपादनात जातो, त्यांनी तेवढ्याच पैशांत मॅक मिनी पाहावा.